सोलापुरी चादरीच्या नक्षीवरून आजारी माणसासाठी कापीव थरांचे शुभेच्छापत्र

आजारी माणसाला दिलेले शुभेच्छापत्र एकदा वाचून बाजूला पडत नाही. ते खाटेजवळच्या कपाटावर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर उभे राहते आणि पडून असलेल्या माणसाची नजर दिवसभरात पुन्हा पुन्हा त्याच्याकडे वळते. म्हणून असे पत्र करताना प्रत्येक निर्णय त्या खाटेवरून पाहून घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. ते आपोआप उभे राहिले पाहिजे, अशक्त हातालाही हलके वाटले पाहिजे, त्यातून काही गळता किंवा टोचता कामा नये आणि बराच वेळ पाहूनही त्यात पाहण्यासारखे काही उरले पाहिजे. ही शेवटची गोष्ट कागदाचे कापलेले थर फार चांगली साधतात. एकावर एक थोड्या उंचीने बसवलेल्या थरांची सावली सकाळी खिडकीच्या उजेडात एका बाजूला पडते आणि रात्री छतावरच्या दिव्याखाली दुसरीकडे सरकते. छापलेल्या चित्राला हे जमत नाही.

नक्षीसाठी सोलापुरात राहणाऱ्याला दूर जावे लागत नाही. भौगोलिक मानांकन मिळालेल्या इथल्या चादरीवर मोर, फुले आणि पायऱ्यापायऱ्यांनी वाढत जाणारे, पत्त्यांतल्या चौकटासारख्या आकाराचे चौकट असतात. ही चादर जकार्ड मागावर विणली जाते. जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या या पद्धतीत ताण्याचा, म्हणजे उभा, कोणता धागा कधी उचलायचा, हे जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना पाडलेली भोके ठरवतात. धागे एकमेकांना काटकोनात ओलांडतात, त्यामुळे विणीतली तिरकी रेघसुद्धा बारीक पायऱ्यांनीच चढते. कागद कापणाऱ्याला ही गोष्ट मोठ्या उपयोगाची आहे, कारण पायऱ्यांच्या चौकटाला एकही वळण लागत नाही. यंत्र नसले तरी कटर आणि पोलादी पट्टी यांवर तो नीट कापता येतो. पुढे दिलेले पत्र याच चौकटावर बेतले आहे. घडी घातल्यावर ते १४ सेंटिमीटर बाजूचे चौरस होते, त्याच्या दर्शनी बाजूवर एकात एक शिरत जाणारे तीन चौकट असतात आणि तळाशी एक फूल असते.

कागद

कागदाची जाडी दुकानात जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे वजन किती ग्रॅम भरते ते. पत्राच्या मुख्य घडीसाठी ३०० जीएसएमचे कार्डशीट घ्यावे, चौकटांच्या थरांसाठी २२० ते २५० जीएसएम पुरते आणि फुलाच्या पाकळ्यांसाठी १२० ते १६० जीएसएमचा कागद बरा, कारण तो बोटाने वळवता येतो. चकचकीत आर्ट कार्ड टाळावे. त्यावर दिव्याची तिरीप उठते आणि पडून पाहणाऱ्याच्या डोळ्यांना ती त्रास देते. खडबडीत हातकागद दिसायला सुंदर असतो, पण त्यातले लांब तंतू पात्यात अडकतात आणि कड फाटल्यासारखी येते, म्हणून तो फक्त पाकिटासाठी ठेवावा. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे उरलेल्या कार्डाचे तुकडे अनेकदा मिळतात. चार पत्रांपुरता कागद हवा असेल, तर सोलापूरच्या नवी पेठेत पूर्ण ताव विकत घेण्याआधी तिथे विचारून पाहावे.

रंग निवडताना चादरीतला ठसठशीत विरोध मनात ठेवावा, पण संख्या आवरती ठेवावी. सर्वांत वरचा चौकट गडद, त्याखालचा मध्यम, तिसरा फिकट आणि तळ जवळजवळ पांढरा, असा क्रम लावला की नजर आत ओढली जाते. गडद निळा, मोरपंखी, फिकट आकाशी आणि दुधी ही रंगसंगती मला सर्वांत शांत वाटते. लाल रंग फुलापुरता असावा.

कागद कापण्यापूर्वी त्यातल्या तंतूंची दिशा ओळखणे आवश्यक आहे. छापखान्यात हिला ग्रेन म्हणतात. कागदाचा ताव हातात धरून न मोडता आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने वाकवून पाहावा. ज्या दिशेने तो सहज वाकतो, त्या वाकाच्या रेषेला समांतर तंतू धावत असतात. शंका राहिली तर एका कोपऱ्याचा चौरस तुकडा, दिशेची खूण करून, कापून घ्यावा आणि त्याची एक बाजू ओल्या बोटाने भिजवावी. तंतू पाण्याने रुंदीत फुगतात, म्हणून तुकडा त्यांच्या दिशेला समांतर अशी नळी करू पाहतो. पत्राची घडी नेहमी तंतूंना समांतर यावी. आडवी आली तर जाड कार्ड घडीवर तडकते आणि आतला पांढरा गाभा दिसू लागतो. बाजारातले ए-फोर आकाराचे कार्ड बहुधा लांबीच्या दिशेने तंतू असलेले असते. त्यातून २८ बाय १४ सेंटिमीटरची पट्टी काढून मधोमध घडी घातली, तर ती नेमकी तंतूंच्या आडवी येते. म्हणून शक्यतो मोठा ताव घ्यावा आणि २८ सेंटिमीटरची बाजू तंतूंना काटकोनात ठेवून पट्टी कापावी.

सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीपार असताना, कागद कोरडा आणि ठिसूळ होतो व गोंद बोटावरच सुकतो. त्या दिवसांत घडी आणि चिकटवण्याचे काम सकाळी उरकावे आणि तेवढ्यापुरता पंखा बंद ठेवावा. पावसाळ्यात उलट अडचण येते. कागद मऊ पडतो आणि पाते त्याला कापण्याऐवजी ओढू लागते. अशा वेळी ताव वापरण्याआधी एक दिवस दोन सपाट फळ्यांमध्ये दाबून कोरड्या खोलीत ठेवावा.

घडी

२८ बाय १४ सेंटिमीटरच्या पट्टीवर बाहेरच्या बाजूने बरोबर १४ सेंटिमीटरवर पेन्सिलीने अगदी पुसट खुणा कराव्यात. खाली वर्तमानपत्राचे चार-पाच थर घ्यावेत, पोलादी पट्टी खुणांवर धरावी आणि शाई संपलेल्या बॉलपेनने दोन-तीनदा सारखा दाब देत रेघ ओढावी. कागद कापला जाता कामा नये, फक्त दबला पाहिजे. आता घडी कोणत्या बाजूला घालायची हे महत्त्वाचे आहे. बहुतेक जण दबलेल्या खाचेत कागद दुमडतात. ते चूक आहे. खाच बाहेर राहिली पाहिजे आणि तिच्या मागे उठलेला उंचवटा घडीच्या आत गेला पाहिजे, म्हणजे बाहेरच्या तंतूंवर ताण कमी येतो. छापखान्यात क्रीजिंग करतानाही हाच नियम पाळतात. शेवटी घडीवर स्वच्छ कागद ठेवून चमच्याच्या पाठीने ती दाबून घ्यावी.

चौकट आखणे

दुधी, फिकट, मध्यम आणि गडद अशा चारही रंगांचे प्रत्येकी १३ सेंटिमीटर बाजूचे चौरस कापावेत. दुधी चौरस तळाचा असल्याने तो अखंड राहील. उरलेल्या तीन चौरसांच्या मागच्या बाजूने मध्यबिंदू काढून तिथून चारही दिशांना एकेक सेंटिमीटरची जाळी आखावी.

गडद थरातली खिडकी १० सेंटिमीटर उंच आणि तेवढीच रुंद असेल. वरून खाली तिच्या दहा ओळी येतात आणि प्रत्येक ओळ एक सेंटिमीटर उंचीची असते. त्यांची रुंदी अनुक्रमे २, ४, ६, ८, १०, १०, ८, ६, ४ आणि २ सेंटिमीटर ठेवून प्रत्येक ओळ मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी वाटली, की पायऱ्यांचा चौकट आपोआप तयार होतो. मध्यम रंगाच्या थरात २, ४, ६, ८, ८, ६, ४, २ अशा आठ ओळी येतात आणि फिकट थरात २, ४, ६, ६, ४, २ अशा सहाच. बाहेरचे माप तिन्हींचे एकच असल्यामुळे, थर एकमेकांवर बसवल्यावर प्रत्येक खिडकीच्या आत पुढच्या रंगाची पायरी सर्वत्र सारखी डोकावते. ज्यांचा हात सरावलेला आहे, त्यांनी अर्ध्या सेंटिमीटरची जाळी घेऊन पायऱ्या दुप्पट कराव्यात. नक्षी विणीच्या अधिक जवळ जाते, मात्र कापण्याचे कामही दुप्पट होते.

कापणे

हाताने कापायचे असेल, तर पाते नवे असणे ही पहिली अट आहे. मोडता येणाऱ्या पात्याच्या कटरचे टोक प्रत्येक थराच्या सुरुवातीला मोडून नवे काढावे. बोथट पाते जोर मागते, जोर दिला की पट्टी सरकते आणि बोटाला इजाही तेव्हाच होते. कागद कटिंग मॅटवर ठेवावा, पट्टी नेहमी राहणाऱ्या भागावर धरावी, म्हणजे पाते घसरले तरी टाकाऊ भागात जाईल. एका दमात आरपार कापण्याचा प्रयत्न करू नये. हलक्या हाताने दोन किंवा तीन फेऱ्या द्याव्यात. आधी सगळ्या उभ्या रेषा कापाव्यात, मग मॅटसह कागद एक चतुर्थांश वळवून सगळ्या आडव्या रेषा घ्याव्यात. मनगटापेक्षा कागद फिरवला की रेषा सरळ येते. पायरीच्या आतल्या कोपऱ्यात पाते खुणेपाशी थांबवून उचलावे आणि दुसरी रेष त्याच कोपऱ्यापासून सुरू करून बाहेर काढावी. कोपरा सुटला नसेल तर खिडकीचा तुकडा ओढून काढू नये. मागून पात्याचे टोक त्या कोपऱ्यात उभे टेकवावे, म्हणजे तो स्वच्छ सुटतो.

ज्यांच्याकडे हाताने फिरवण्याचे डाय कटिंग यंत्र आहे, त्यांना बाजारात एकात एक बसणाऱ्या चौरस किंवा गोल डायचे, म्हणजे धारदार कडेच्या साच्यांचे, संच मिळतात. पायऱ्यांचा चौकट नसला तरी चौरस डाय ४५ अंशांत फिरवून साधा चौकट मिळतो आणि तोही शोभतो. पातळ पोलादी डायची धार असलेली कड कागदाकडे यावी, कागद कापण्याच्या पाटीवर असावा आणि वरून दुसरी पाटी ठेवून सगळा संच रुळांतून सावकाश, न थांबता फिरवावा. डाय सरकू नये म्हणून कमी चिकट टेपचा लहान तुकडा लावावा. नक्षी बारीक असेल तर डाय आणि कागद यांच्यामध्ये बटर पेपर घातल्याने तुकडे अडकत नाहीत. एखाद्या कडेला कापले जात नसेल, तर त्या बाजूला पाटीखाली साध्या कागदाची एक घडी सरकवून पुन्हा फिरवावे. सगळ्या यंत्रावर दाब वाढवला तर पाट्या लवकर वाकतात, म्हणून त्या अधूनमधून उलटूनही वापराव्यात.

संगणकाला जोडलेल्या कटरवर हा चौकट काढणे सर्वांत सोपे आहे, कारण त्यात सरळ रेषाच आहेत. २५० जीएसएमसाठी आधी टाकाऊ तुकड्यावर एक सेंटिमीटरचा चौरस कापून पाहावा आणि मगच पात्याचा दाब ठरवावा. कापून झाल्यावर कागद मॅटवरून सोलू नये. मॅट उलटी करून कागद टेबलावर सपाट दाबून धरावा आणि मॅट मागे वळवत काढावी, म्हणजे कागदाला बाक येत नाही.

शाळेने किंवा मंडळाने एखाद्या रुग्णालयातल्या संपूर्ण कक्षासाठी पत्रे करायची ठरवली, तर पंचिंगचे काम करणाऱ्या छापखान्याकडे जावे. तिथे लाकडी फळीत पोलादी पट्टीची पाती बसवून डाय बनवतात आणि एकदा डाय तयार झाला की शेकडो थर एकसारखे कापून मिळतात. डाय करण्याचा खर्च मात्र आधीच येतो, त्यामुळे आठ-दहा पत्रांसाठी तो परवडत नाही.

खिडक्यांतून निघालेले चौकटाचे तुकडे फेकू नयेत. पाकिटावरची नक्षी आणि आतल्या पानावरची अक्षरे त्यांतूनच होतात.

फूल

फिकट थराच्या खिडकीत चार सेंटिमीटरचे फूल कुठेही न टेकता बसते. ४, ३ आणि २ सेंटिमीटर व्यासाची आठ पाकळ्यांची तीन फुले पंच यंत्राने किंवा कात्रीने कापावीत. खोडरबरावर ठेवून प्रत्येक पाकळी चमच्याच्या दांड्याच्या गोल टोकाने आतून बाहेर हळूच घोटली की तिला पोट येते. मग तिन्ही फुले एकावर एक, वरच्या पाकळ्या खालच्या पाकळ्यांच्या मधोमध येतील अशी फिरवून, फक्त मध्यभागी गोंदाचा ठिपका देऊन चिकटवावीत. फुलाची एकूण उंची तीन मिलिमीटरच्या पुढे जाऊ देऊ नये. चौकटांचे तीन थर बसल्यावर खिडकीची खोली सुमारे चार मिलिमीटर होते. फूल तिच्या आत राहिले, तर पत्र उशीखाली गेले तरी चेपत नाही. मध्यावर मणी, टिकली किंवा चमकी लावू नये. त्या सुटून अंथरुणात पडतात, आणि चमकीचे कण तर हातावरून डोळ्यांपर्यंत जातात.

थर बसवणे

चिकटवण्याआधी सगळे थर कोरडेच एकमेकांवर ठेवून लांबून पाहावेत, आणि एकदा पडून, खालच्या कोनातूनही पाहावे. रंगांचा क्रम बदलावासा वाटला तर तो इथेच बदलता येतो.

तळाचा दुधी चौरस मुख्य पत्रावर चारही बाजूंना अर्धा सेंटिमीटर सोडून दुहेरी चिकट टेपने सपाट बसवावा. एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर फेव्हिकॉल पसरला तर पाण्याने कागद फुगतो आणि सुकताना पत्राला बाक येतो. फूल मात्र फेव्हिकॉलनेच मध्यभागी लावावे. त्यानंतर फिकट थराच्या मागे बाहेरच्या कडेपासून तीन मिलिमीटर आत, एक मिलिमीटर जाडीच्या फोम टेपच्या चार-पाच मिलिमीटर रुंद पट्ट्या लावाव्यात. चारही कोपऱ्यांत कागदाचे रुंद क्षेत्र उरते, तिथे एकेक जादा तुकडा द्यावा, नाहीतर बोटाने दाबल्यावर कोपरे खचतात. गडद थरात खिडकीच्या टोकांपाशी कागदाची कड दीड सेंटिमीटरच उरते. तिथे टेप आत गेली तर पांढरी रेघ बाजूने दिसते.

फोम टेप एकदा टेकली की सुटत नाही, म्हणून थर सरळ बसवण्यासाठी दोन गोष्टी कराव्यात. पहिली म्हणजे दोन पट्ट्या काटकोनात टेबलावर टेपने पक्क्या करून एक कोपरा तयार करावा आणि त्यात पत्र व प्रत्येक थर टेकवून बसवावा. मुख्य पत्राची कड अर्धा सेंटिमीटर बाहेर असल्याने त्या फरकाइतक्या रुंदीच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या आत ठेवाव्या लागतात. दुसरी म्हणजे फोमच्या चिकट पृष्ठभागावर फेव्हिकॉलचे बारीक ठिपके द्यावेत. ते ओले असेपर्यंत थर थोडा सरकवता येतो. फिकट, मग मध्यम, मग गडद, या क्रमाने तिन्ही थर बसले की वर बटर पेपर आणि एक हलके पुस्तक ठेवून तासभर थांबावे.

फोम टेप मिळाली नाही तर २५० जीएसएमच्या कार्डाच्या तीन पट्ट्या एकमेकांवर चिकटवून जवळजवळ एक मिलिमीटरची जाडी मिळते. यात वेळ जातो, पण पट्ट्या दाबल्या जात नाहीत. वयस्क माणूस पत्र मुठीत घट्ट धरणार असेल, तर मला हाच मार्ग अधिक पसंत आहे. खोक्याचा नालीदार पुठ्ठा वापरू नये. तीन थरांत तो पत्राला जवळपास एक सेंटिमीटर जाड करतो आणि पत्र पुढच्या बाजूला कलंडते.

आतले पान आणि मजकूर

दर्शनी बाजूवर अक्षरे घालू नयेत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते पत्र दिसणार असते, आणि आजाराचा उल्लेख प्रत्येकाने वाचावा असे रुग्णाला वाटेलच असे नाही. मजकूर आत, १३ सेंटिमीटर बाजूच्या वेगळ्या दुधी पानावर लिहावा आणि मग ते पान उजवीकडे चिकटवावे. लिहिताना चुकले तर तेवढेच पान बदलता येते. या पानाच्या वजनाने मागची बाजू भारी होऊन पत्र उभे राहायलाही मदत होते.

‘लवकर बरे व्हा’ ही अक्षरे कापून लावायची असतील तर देवनागरीची शिरोरेषा मोठी सोय करते. तीन मिलिमीटर जाडीची शिरोरेषा ठेवली की एकेक शब्द सलग एका तुकड्यात कापता येतो आणि सरळ चिकटतो. ‘व’ आणि ‘ब’ यांच्या पोटातली जागा आधी, बाहेरची कड नंतर कापावी. अनुस्वार असलेला शब्द निवडला तर त्याचा ठिपका वेगळा लावावा लागतो. ही अक्षरे सपाटच चिकटवावीत, कारण आत फोम लावला तर पत्र मिटत नाही.

बाकीचा मजकूर काळ्या किंवा गडद निळ्या शाईने, सात-आठ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत लिहावा, कारण पडलेल्या माणसाकडे चष्मा हाताशी असतोच असे नाही. आई-वडिलांच्या वयाच्या व्यक्तीला ‘लवकर बरे व्हा’, मैत्रिणीला ‘लवकर बरी हो’ हे ठीक आहे. पण आजार दीर्घ असेल किंवा बरे होण्याची खात्री नसेल, तर ‘लवकर’ हा शब्द टोचतो. तिथे ‘आम्हाला रोज तुमची आठवण येते’ किंवा ‘रविवारी भेटायला येतो’ असे खरे आणि साधे वाक्य लिहावे, आणि येण्याचे लिहिले तर जावेच. आजाराची चौकशी, उपचारांचे सल्ले आणि दुसऱ्या कुणाला हाच आजार झाल्याच्या हकिकती पत्रात नकोत. सोलापुरात शेजारच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलली जाणे नेहमीचे आहे. रुग्णाची घरची भाषा वेगळी असेल तर एक ओळ त्या भाषेत, ती जाणणाऱ्याकडून लिहून घ्यावी.

पाकीट आणि पोहोचवणे

तयार पत्र जाड असल्याने विकतच्या पाकिटात जात नाही. २३ सेंटिमीटर बाजूचा कागद तिरका ठेवून त्याच्या मध्यावर १५ सेंटिमीटरचा चौरस आखावा, चारही टोके आत दुमडावीत, बाजूंच्या दोन आणि खालचे टोक चिकटवावे. वरचे टोक गोंदाने बंद करू नये, नुसते आत खोचावे. सलाईन लावलेल्या हाताला पाकीट फाडणे जमत नाही.

पत्राचे चारही कोपरे कात्रीने किंचित गोल करावेत. अत्तर लावू नये, पिना मारू नयेत, सुकी फुले घालू नयेत. स्वतःला सर्दी-खोकला असेल तर ते काम दुसऱ्यावर सोपवावे. अतिदक्षता विभागात किंवा संसर्गामुळे वेगळे ठेवलेल्या रुग्णाजवळ बाहेरच्या वस्तू नेता येतात का, हे आधी परिचारिकेला विचारावे. नसल्यास पत्र नातेवाइकांकडे द्यावे आणि बाजूने उजेड पडलेला त्याचा फोटो पाठवावा.

सोलापूरच्या दवाखान्यांत धाराशिव, विजयपुरा, कलबुर्गी भागातूनही रुग्ण येतात आणि इथले रुग्ण उपचारांसाठी पुण्यालाही जातात. टपालाने पाठवायचे असेल तर जाड पुठ्ठ्याचा चौरस पत्रावर नव्हे तर पाकिटाच्या मागे ठेवून दोन्ही मोठ्या पाकिटात घालावेत. प्रत्यक्ष नेऊन द्यायचे असेल तर पाकिटावर रुग्णाचे पूर्ण नाव आणि कक्षाचा क्रमांक लिहावा. खाटेजवळ पोहोचल्यावर पत्र साधारण ६० अंशांत उघडून, उशीच्या उंचीवर आणि औषधे ठेवण्याच्या जागेपासून बाजूला, उजेड एका कडेने पडेल असे उभे करून द्यावे.